मागच्या ओट्यावरचा रेडिओ

“रेडिओ बंद कर आधी!” कानिफनाथ बायकोवर खेकसला. “घराचं गिऱ्हाईक दारात आलंय.”

कडूबाईनं मागच्या ओट्यावरचा रेडिओ बंद केला, उसाकडं न बघता झटकन आत आली आणि दार लोटलं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडं दोन पुरुष उंच ऊस, आणि उसात बिबट्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं ह्याच ओट्यावरून मोत्या कुत्र्याला उचललं होतं, साखळीसकट. त्याच दिवशी सून नातीला घेऊन माहेरी गेली. दुसरीकडं घर घ्या, मगच येते, म्हणाली. तेव्हापासून दिवस कलला की रेडिओ मोठ्यानं लावायचा, तोही उसाकडं तोंड करून. माणसाचा आवाज आला की जनावर बिचकतं.

राहुरीच्या कडेची ही गल्ली. शाळा झाली तसा इथल्या घरांना सोन्याचा भाव आला होता. बिबट्याची नुसती कुणकुण लागली असती, तरी तो भाव मातीत गेला असता. म्हणून अख्ख्या गल्लीनं तोंडाला कुलूप घातलं होतं. वनखात्याला फोन नको, पिंजरा नको. पिंजरा दिसला की बोंबललं सगळं! शाळेत रोज दोनशे पोरं येत होती, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

राजेश्वरी बेलापूरकडच्या एका वस्तीवरून आली होती. संगं सहा वर्षांची लेक, संस्कृती. घर बघता बघता राजेश्वरी पुढच्या खिडकीशी थांबली. समोरच शाळेचं फाटक. तिचे डोळे भरून आले.

“काका, आमच्याकडं शाळेला उसातनं जावं लागतं. पोरगी घरी येईस्तवर जिवात जीव नसतो. गेल्या महिन्यात शेजारच्या पोरावर बिबट्यानं झडप घातली. वाचलं कसंबसं. हितं तसलं काय भ्या न्हाई ना?”

“छ्या, छ्या! शाळा हाय शेजारी. एवढ्या गलक्यात बिबट्या कशाला मरायला येतोय?”

कडूबाईनं चहाच्या आधणावरून नजर वर केली नाही.

“संस्कृती कुठं गेली?” राजेश्वरीनं विचारलं.

मागचं दार उघडं होतं. पोरगी अंगणात, पार भिंतीपाशी उकिडवी बसून पडलेले पेरू वेचत होती. उन्हं उतरली होती. उसात काहीतरी सळसळलं. वारा तर अजिबात नव्हता.

कानिफनाथनं ती सळसळ ऐकली. पोरीला ओरडून बोलवावं, तर आई पाठीशी उभी. काय सांगणार तिला? गप्प बसावं, तर डोळ्यांपुढं आपलीच नात. कसली अक्कल चालतेय अशा वेळी! तो ओट्यावर धावला, हात आपसूक गेला. त्यानं रेडिओ लावला, उसाकडं वळवला आणि आवाज शेवटपर्यंत पिळला.

सळसळ थांबली. हुश्श! निभावलं एकदाचं, असं वाटलं त्याला.

पोरगी मात्र ताडकन उठली. तिनं रेडिओकडं बघितलं, मग उसाकडं. ओंजळीतले पेरू तिथंच टाकून ती धावत आली आणि आईच्या कमरेला बिलगली.

“आई, चल हितनं,” ती रडत म्हणाली. “ह्यांच्यात बी उसाला गाणी ऐकवत्यात.”