बर्लिनची मावशी

दारावरची घंटी वाजली तेव्हा लुत्सिना खारवलेल्या माशांची बरणी खिडकीबाहेर ठेवत होती. पहिल्या महिन्यांत पोरींना माशाचा वास सोसत नाही, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

दारात विशीची मुलगी उभी. केसांत बर्फाचे कण, हातात फुगलेली पिशवी. चार मजले चढून आली होती, पण धाप लागलेली नव्हती.

"मावशी?"

"मीच. ये, बूट तिथेच काढ. नाव सांगू नकोस, गाव सांगू नकोस. एवढाच नियम."

पोलंडमध्ये गर्भ पाडायला कायद्याच्या धाकाने कुठला डॉक्टर तयार होत नसे, म्हणून बायका सीमा ओलांडून बर्लिनला यायच्या. त्यांना ठेवून घेणाऱ्या, दवाखान्यात सोबत जाणाऱ्या बायका फोनवर फक्त 'मावशी' असत. घरी सांगायलाही ते सोपं पडे: बर्लिनला मावशीकडे चाललेय. या मुलीने मात्र फोनवर हीच मावशी हवी म्हणून हट्ट धरला होता. का, ते कुणी विचारलं नाही.

खरं म्हणजे लुत्सिनाला मावशी म्हणणारं रक्ताचं कुणी उरलं नव्हतं. धाकटी बहीण दानुता गावी होती, तिला लेकरं होती. पण आईला पुरून आल्यावर, भरल्या पंगतीत, दानुताने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "तू त्या बायकांचीच मावशी हो. माझ्या लेकरांची नाहीस. आजपासून मला बहीण नाही." लेकरं तेव्हा टेबलाखाली खेळत होती. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चालू होते. रविवारी दुपारी पोलिश चर्चमध्ये विलापगीतं व्हायची. मध्ये पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहायचे आणि बोलता बोलता गायला लागायचे. त्या एका तासासाठी लुत्सिना अख्खा आठवडा ढकलायची. मागच्या बाकावर खांबाआड बसायची. शेजारची जागा रिकामीच असायची. आज पाहुणी येणार म्हणून तेही चुकलं होतं. सूप ढवळता ढवळता ती एकटीच गुणगुणत होती.

मुलीने हळूच दुसरा सूर धरला. कडव्याचा शेवट तिने असा लांबवला, जसा लुत्सिनाच्या माहेरच्या बाजूला लांबवतात. लुत्सिनाचा डाव हवेतच थांबला.

"गाता येतं की तुला."

"आमच्या घरात सगळेच गातात. आई तर चर्चमध्ये..."

"नियम," लुत्सिना म्हणाली आणि सूप वाढलं.

"मावशी, माशाचा वास येतोय. आहे का?"

"तुला चालेल?"

"धावेल."

बरणी आत आली. मुलीने काळ्या पावावर मासा आणि कांदा ठेवून तीन तुकडे फस्त केले. लुत्सिना बघतच राहिली.

"अगं, चावून तरी खा. तो आता पळून जाणार नाहीये."

मुलगी हसली. मग उठली, वाडगा पुन्हा काठोकाठ भरून घेतला आणि दाराकडे निघाली. "जरा फोन करून येते."

"फोनला सूप पाजणार आहेस काय?"

"जिन्यात रेंज चांगली मिळते."

परतली तेव्हा वाडगा रिकामा होता आणि डोळे लाल झाले होते. लुत्सिनाने आधण ठेवलं. चहा टाकला.

"दुखतं का खूप?"

"झोपवतात. जाग येते तेव्हा सगळं झालेलं असतं."

"आधी ब्लडप्रेशरची गोळी घेतलेली चालते?"

"तुला कसलं आलंय ब्लडप्रेशर, या वयात?"

"विचारून ठेवलं. तिथे कुणी लागेल असं बोलतं का?"

"दवाखान्यात नाही. आणि मी सोबत असताना बोलायची कुणाची छाती नाही."

मुलगी कपावरून बोट फिरवत राहिली. "आणि देव?"

"त्याच्याशी मी रोज बोलते. भांडतेसुद्धा. त्याने अजून मला दाराबाहेर काढलेलं नाही. काढलं ते माणसांनी."

बाहेर दिवे लागले. मुलगी आता अहो-जाहो सोडून एकेरीवर आली होती. लुत्सिनाला ते बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून थोडं भरूनही आलं. उद्या संध्याकाळी ही बसमध्ये बसेल आणि पुन्हा कधी दिसणार नाही.

"मावशी, तू रागावतेस का गं? म्हणजे, तुला वाट्टेल ते बोललेली बाई उद्या तुझ्याच दारात आली तर?"

"आल्यात तशाही. दवाखान्यापुढे फलक धरून उभ्या राहिलेल्या."

"मग?"

"त्यांना सूप जरा जास्त वाढते. त्या उपाशीपोटीच येतात, लाजेने." ती हसली. "आणि राग धरायचा तर अंगात ताकद हवी. मला रोज चार मजले चढायचे असतात."

"खरंच नाही रागावत?"

"नाही गं बाई. किती वेळा विचारशील?"

मुलीने मोठा श्वास घेतला. लुत्सिनाने पलंगावर धुतलेली चादर अंथरली, उशीला अभ्रा घातला.

"सकाळी लवकर निघू. माझा नियम इथल्यापुरता. दवाखान्यात खरं नाव द्यावं लागेल. ओळखपत्र हाताशी ठेव."

मुलगी उठली. तिने जिन्याचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"माझं नाही लागायचं, मावशी. आईचं लागेल. खालच्या मजल्यावर पायरीवर बसलीय. किती वेळा सांगितलं, तरी म्हणते, ताईने हाक मारली तरच वर येईन."