पायाची कबर

इस्पितळामागच्या माळावर अमेरिकेच्या यादवी युद्धात मेलेले दक्षिणेचे शेकडो शिपाई पुरले होते. पण युद्ध संपल्यावरच्या थंडीत त्यांच्या नावांच्या फळ्या गावकऱ्यांनी चुलीत घातल्या. तिथं पुरलेल्या मुलाला घरी न्यायला जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत आलेली केझाया नुसतीच मातीचे उंचवटे बघत फिरत होती. एका कोपऱ्यात कुबडी बाजूला टाकून एक लंगडा बसल्या बसल्या खणत होता.

“तुमचं कोण गेलं?” तिनं विचारलं.

“पाय. मेल्यांनी कापून वाकडातिकडा कोंबला. अजून त्याच्या बोटांत गोळे येतात बघा. सरळ करून ठेवला की थांबतात, असं म्हातारी माणसं सांगतात.”

केझायाला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. “अहो, नुसत्या पायाला कुणी कबर देतं का?”

“नाही ना! त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरचा पोरगा गेला, त्याच्या शवपेटीत टाकला. भला पोरगा. ऑर्विल ट्रॅमेल. तापातसुद्धा ताकात कुस्करलेली मक्याची भाकरी मागायचा, आईच्या हातची.”

केझायानं बाह्या सारल्या आणि त्याच्या हातातलं फावडं ओढून घेतलं.

“सरका तिकडं. ज्या पेटीत तीन पाय निघतील, तो माझा ऑर्विल.”