सुई घेतली का?

“सिस्टर, खोकला कधीपासून हाय?”

मनिषा सलाईनची बाटली बदलत होती. तिनं वळून पाहिलं. गोजरबाईच्या खाटेपाशी स्टुलावर बसलेली सुकेशनी तिच्याकडं रोखून बघत होती.

“धुळीचा आहे,” मनिषा म्हणाली.

“आन फ्लूची सुई घेतली का?”

मनिषा पुढच्या खाटेकडं गेली. परभणीच्या त्या दवाखान्यात कर्मचाऱ्यांसाठी फ्लूची लस दिवाळीआधीच आली होती. तेव्हापासून ती फ्रिजमध्येच पडून होती. कुणाला वेळ नव्हता, कुणाला सुईनंच ताप येईल अशी धास्ती. घ्याच म्हणून वरूनही कुणी सांगत नव्हतं.

गोजरबाई ताडकळसची. दमा उसळला तेव्हा शेजाऱ्यानं तिला जीपमध्ये घालून आणलं आणि भरती करून तो गावी परतला. मुलगा-सून ऊस तोडायला दूर गेलेले. दुसऱ्या दिवशी सुकेशनी डबा घेऊन खाटेपाशी बसलेली दिसली, तेव्हा म्हातारीजवळ लेक आली म्हणून मनिषाला हायसं वाटलं होतं. ते फार टिकलं नाही.

सुकेशनी म्हातारीला पेज भरवायची, पाठ चोळून द्यायची आणि खाटेजवळ येईल त्याला सुईचं विचारायची. झाडणाऱ्या मावशीलाही तिनं सोडलं नाही. एका वॉर्डबॉयला तर सगळ्यांदेखत म्हणाली, “मास्क हनुवटीला कशाला? दमा हनुवटीला हाय का?”

शेवटी डॉक्टर शुभदा राउंडला आल्या, तेव्हा त्यांनीच विषय काढला. “तुमची काळजी कळते मला. आजींना बरं वाटलं की त्यांनाही लस देऊ.”

“द्याच. पण थकलेल्या अंगाला लस पुरती लागू होत न्हाई म्हणतात. ह्या म्हाताऱ्यांच्या उशाशी दिवसरात्र तुमी लोक. मग तुमी का न्हाई घेत?”

“आमच्यावर सक्ती नाही हो.”

“आन हिच्यावर?” सुकेशनी उभी राहिली. “हिला कूस बदलता येईना. तुमी जे घेऊन याल ते हिनं श्वासात घ्यायचं. ही सक्ती न्हाई तर काय हाय?”

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेल्या. “लय बोलती बाई,” मावशी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनिषाचं अंग मोडून आलं होतं. तरी ती ड्यूटीवर आली. वॉर्डच्या दारात सुकेशनी आडवा हात लावून उभी होती.

“हात काढा.”

“न्हाई काढत. डोळे बघा तुमचे. ताप हाय तुमाला.”

“आहे ना! मला काय हौस आली होती यायची?” मनिषाचा आवाज फाटला. “रात्रीच रजा मागितली. बदली माणूस नाही म्हणाले. मी घरी बसले तर तुमच्या आईला सुई कोण टोचणार? तुम्ही?”

बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीला टेकली. सुकेशनीनं हात खाली घेतला. तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. गलका ऐकून डॉक्टर शुभदा धावत आल्या, तेव्हा सुकेशनी त्यांच्याकडं वळली.

“ऐकलं का, मॅडम? तापानं फणफणलेली पोर म्हाताऱ्यांत धाडायलात तुमी! तिलाबी मारा, ह्यांनाबी मारा. आन लस? ती फ्रिजात थंडगार बसलीय. तिला काय व्हायचंय?”

डॉक्टर मनिषाच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “घरी जा. बरी होईपर्यंत येऊ नको. तुझं काम मी बघते.”

मनिषा बरी होऊन परत आली तेव्हा वॉर्डचा रंगच पालटला होता. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बाही वर करून पहिली सुई घेतली होती, आणि मग बाकीच्यांनी. कुरकुरत का होईना, मावशीनंही. मनिषानं आल्या आल्या दंड पुढं केला. आता ताप असेल त्याला न मागता रजा मिळत होती.

गोजरबाईचा श्वासही मोकळा झाला होता. तिला घरी न्यायला उसाच्या फडावरून तिचा मुलगा सुग्रीव आला. मनिषानं त्याच्या हातात औषधं दिली आणि हसून म्हणाली, “आईचं सगळं तुमच्या बहिणीनं केलं बरं का. आम्हालाही सरळ केलं.”

“बहीण?” सुग्रीव गोंधळला. “मी एकलाच हाय, सिस्टर.”

“आरं, ती ह्यांच्या दवाखान्याचीच बाई हाय,” गोजरबाई म्हणाली. “न्हाई का गं, माय? मला तर तसंच वाटलं.”

मनिषानं वॉर्डभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या खाटेवर आदल्या दिवशी एक म्हातारी एकटीच भरती झाली होती. सुकेशनी तिला चमच्यानं पाणी पाजत होती.

मनिषा तिच्याजवळ गेली. “ताई, तुमचा पेशंट कोणता?”

सुकेशनीनं म्हातारीचे ओठ पुसले, चमचा पेल्यात ठेवला.

“आईला आणलं होतं. मागच्या हिवाळ्यात, पाय मोडला म्हणून,” ती म्हणाली. “पाय जुळत आला होता. ताप इथंच लागला. ह्याच वॉर्डात गेली.”