निरंकपुढचा अंगठा

आमच्या सरकारी वर्कशॉपची अपघात नोंदवही मीच लिहिते. दर महिन्याला एकच शब्द असतो, निरंक. म्हणजे कुणालाही काही झालेलं नाही.

मार्चमध्ये एकलहरे गावच्या मल्हारी या कामगाराचा अंगठा कटिंग मशीनमध्ये तुटला. साहेब म्हणाले, "शुभांगी मॅडम, घरी विळीवर कापला म्हणा. वर निरंकच जातं."

मी निरंक लिहिलं. नाहीतर माझीच बदली झाली असती.

एप्रिलपासून निरंकपुढे, जखमीच्या सहीच्या रकान्यात, ओला लाल अंगठा उमटू लागला. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. व्हाइटनर लावून पाहिलं, पण पुढच्या महिन्यात तो पुन्हा होताच.

मल्हारीला दरडावून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "वहीत माझा अंगठा शाबूत हाय ना, मॅडम? मग तोच उमटत असंल."

आज नवा महिना लिहायला वही उघडली, तर अंगठा आधीच उमटलेला होता. पण हा मल्हारीचा नव्हता. त्यावर आडवा व्रण होता, लहानपणी विळीने कापल्यावर माझ्या अंगठ्यावर राहिला तसाच.

केबिनमधून साहेब ओरडले, "झालं का, मॅडम?"

"हो सर," मी म्हणाले, आणि हाताकडे न बघता लिहिलं, निरंक.