ढापणीचे डोळे

वैजूचा नंबर मायनस चौदा. चष्मा उतरवून दुकानातली कोरी फ्रेम चढवली, की आरशात नुसतं धुकं दिसायचं. शाळेपासून ‘ढापणी’ ऐकत आलेली ती आज ताईला घेऊन पहिल्यांदाच पातळ, हलक्या काचा करायला आली होती.

“ताई, खरं सांग, कशी दिसते?” तिने शेजारच्या धूसर आकृतीला विचारलं.

“मी तुमची ताई नाही हो,” पुरुषी आवाज आला. “मलाही काही दिसत नाहीये. मायनस बारा. मीपण फ्रेमच बघतोय.”

वैजू ओशाळली, मग खुदकन हसली.

त्याने आपला जुना जाडजूड चष्मा चढवला आणि तिला नीट निरखलं. “ही नको. तुमचे डोळे लपतात हिच्यात.”

तिच्या चष्म्यावर आजवर सगळेच बोलले होते. डोळ्यांवर कोणीच नाही.

तिने दुसरी फ्रेम चढवली. “आता बघा,” ती म्हणाली.