आवं, ऐकलं का?

पाय अधू झालेल्या बहिणीला कायमचं माहेरी न्यायचं ठरवूनच बाजीराव कामथडीहून येष्टीनं वेल्ह्याला आला. बहिणीचा नवरा सोपान ओट्यावर निवांत बिडी ओढत बसला होता. तेवढ्यात आतून सगुणाबाईची हाक आली, "आवं, ऐकलं का?"

सोपान जागचा हलला नाही.

"दाजी, अक्का हाक मारतीया!"

"मला न्हाई ती."

बाजीरावाचं डोकंच फिरलं. तो तोंड उघडणार, इतक्यात ओट्याखाली झोपलेला कुत्रा उठला आणि दाराशी राहिलेली काठी तोंडात धरून आत पळाला. बाजीरावानं डोकावून पाहिलं. एका हातात काठी घेऊन, दुसरा कुत्र्याच्या पाठीवर टेकून अक्का चुलीपुढून उभी राहत होती.

"त्येचं नाव खंड्या," सोपान म्हणाला. "पर तिनं मला हाक मारली, की मी बिडी संपवून उठायचो. तवर ह्यो काठी घिऊन हजर! आता त्येला वाटतं, 'आवं, ऐकलं का' हेच आपलं नाव हाय."

बाजीरावाला हसू आवरेना. "मग तुमास्नी कशी हाक मारती? नवऱ्याचं नाव तर ती घ्यायची न्हाई."

सोपान इकडंतिकडं बघायला लागला. तोच आतून खणखणीत आवाज आला, "खंड्या! माज्या भावाला च्या घिऊन जावा की!"

सोपान बिडी टाकून ताडकन उठला. "आलो, आलो!"