तिसरा सिलिंडर

धुकं इतकं दाट होतं की प्रशिक्षण केंद्राचं फाटक आपण कधी ओलांडलं, ते चिंगीचं तिलाच कळलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, म्हणून ती लवकरच निघाली होती. समोर पिवळे दिवे उघडझाप करत होते. जवळ गेल्यावर बॉनेट उघडलेली गाडी दिसली आणि शेजारी, मफलरमध्ये अर्धा चेहरा बुडवलेले एक गृहस्थ.

"या, या. तुमचीच वाट बघतोय."

म्हणजे हेच आजचे परीक्षक, तिने ताडलं. मेकॅनिकच्या परीक्षेला ती याआधी दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा परीक्षकांसमोर तिची दातखीळ बसली होती. हात चालायचे, तोंड उघडायचं नाही. "आता नापास झालीस तर माझं शिवणाचं मशीन आहेच," आत्या म्हणाली होती. ती थट्टा नव्हती.

"काय होतंय गाडीला?" तिने कसंबसं विचारलं.

"इंजिनाचा दिवा लुकलुकतो, गाडी थरथरते. त्यापुढे मला काही विचारू नका."

पक्का माणूस, चिंगी मनात म्हणाली. ताकास तूर लागू देत नाही.

तिने पिशवीतला स्कॅनर जोडला. पडद्यावर कोड उमटला: पी शून्य तीन शून्य तीन.

"तिसरा सिलिंडर पेट घेत नाहीये." आपलाच आवाज ऐकून ती दचकली. धुक्यात तो दुसऱ्याच कुणाचा वाटला, शांत आणि ठाम.

"मग कॉइल नवी टाकायची का?"

गळ टाकतायत, तिने ओळखलं. "एवढ्यात नको, सर. कुठे दुखतंय ते कोड सांगतो. का दुखतंय, ते आपण शोधायचं."

तिने ठिणगी पाडणारी तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसून इंजिन चालू केलं. पुन्हा तिसराच. म्हणजे कॉइलचा दोष नव्हता. मग प्लग काढला, तर तो कोरडा ठणठणीत.

"इथे पेट्रोलच पोचत नाहीये."

हात पुढे सरकत होते आणि त्यांच्यामागून शब्द येत होते, झोपेत चालल्यासारखे. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वायरचा खटका तुटला होता, कनेक्टर अर्धा निसटला होता. तिने तो दाबून बसवला, पट्टीने आवळला. इंजिन उन्हातल्या मांजरासारखं गुरगुरू लागलं. दिवा गेला.

"वा! काय सुरेख समजावून सांगितलंत," गृहस्थ म्हणाले.

चिंगीने हात पुसले. आता शेरा लिहायला ते पेन काढणार. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि पाकीट काढलं.

"गॅरेजला फोन करून पाच मिनिटं झाली नव्हती, तोच तुम्ही हजर! बोला, किती द्यायचे?"

आणि रस्त्याच्या पलीकडे, केंद्रात, परीक्षा सुरू झाल्याची घंटा वाजली.